पाचव्या चाकातली हवा

जीपच्या मागे टांगलेलं चाक अडीअडचणीला लावायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्या जीपचं मागचं चाक मात्र लावायचं नव्हतं. ते नुसतं बरोबर न्यायचं आणि बरोबर आणायचं. पूर्ण मापाचं, नव्याकोऱ्या टायरचं, जमिनीला कधीही न टेकलेलं चाक. खड्डा आला की ते आपल्या पट्टीवर कुरकुरायचं, आणि गाडी चालवताना मला वाटायचं, मागे कोणीतरी बसलं आहे आणि आपण कसं चालवतो ते बघतं आहे. मी तेव्हा अकोल्याला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. भुताखेतांच्या गोष्टी कुजबुजणाऱ्या मुलींना मी बाकावर उभं करत असे. तरी त्या गाडीत बसले की मान वळवून मागे बघायची माझी छाती होत नसे.

आमचं गाव मूर्तिजापूरहून बरंच आत, काळ्या रानात. पावसाळ्यात तिथे रस्ता म्हणजे इथे कधीतरी रस्ता होता अशी नुसती आठवण. बैलगाडी आसापर्यंत रुते. माणसाची चप्पल चिखलात राही आणि पाय तेवढा वर येई. म्हणून बाबांनी लढाईतून उरलेली एक जीप विकत घेतली. खरं तर ती माझ्या भावाची, दादाचीच म्हटली पाहिजे, कारण बाबा तिच्यात पाहुण्यासारखे अंग चोरून बसत. दादानं मलाही ती चालवायला शिकवलं, ज्वारी निघालेल्या रानात, ढेकळांवरून. पोरीच्या जातीनं जीप चालवावी म्हणून गावात बरीच तोंडं वाजली. दादा म्हणाला, "वाजू दे. उद्या कोनाचं पोट दुखलं का हेच येतीन, बाई लवकर चाल म्हून."

आमचा वऱ्हाड मुंबई राज्यात गेला त्या सुमाराची ही गोष्ट. दादाचं नुकतंच लग्न झालं होतं. वहिनी रिद्धपूरकडच्या एका खेड्यातली, माझ्याहून लहान, हसू आलं की पदर तोंडात कोंबणारी. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी दादानं स्टेपनीला नवा टायर चढवला. हवा भरायचा पंप हाताचा होता. त्याच्या खालच्या पाटीवर पाय रोवून तो धरावा लागे आणि मग दांडा खालीवर करावा लागे. पाय ठेवायला दादानं वहिनीला बोलावलं. घरच्या सुनेनं अंगणात असं एक पाय पुढे रोवून उभं राहायचं म्हणजे काय! तिला लाज वाटत होती आणि हसूही आवरत नव्हतं. चाक टणक झालं तसं दादानं ते मागे टांगलं, नट आवळले आणि तो निघाला. मला मूर्तिजापूरच्या स्टेशनवरून आणायचं होतं. पोळ्याला मी घरी येणार होते.

वाटेत नाला लागतो. त्या दिवशी तो फुगलेला होता. आमच्याकडे गाडी पाण्यात घालायच्या आधी एकानं काठी घेऊन पुढे चालायची रीत आहे. पाणी कुठवर येतं, तळ घट्ट आहे की नाही, ते पायांनी बघायचं. दादाबरोबर आमचा म्हातारा गडी होता. तो उतरायला लागला तर दादा म्हणाला, "तुमी बसा बुवा," आणि इंजिन चालूच ठेवून स्वतः उतरला. वरच्या अंगाला कुठेतरी जोराचा पाऊस झाला असावा. गड्यानं पाहिलं ते एवढंच की दादा मध्यावर गेला, वळून हात वर केला, आणि मग तिथे नुसतं पाणी होतं.

जीप काठावर उभी राहिली. गड्याला इंजिन बंद करता येत नव्हतं. लोक धावत आले, दोर आणले, खाली पार पूर्णा नदीपर्यंत माणसं गेली, आणि इकडे जीप पेट्रोल संपेपर्यंत फुरफुरत होती. मी त्या वेळी मूर्तिजापूरच्या फलाटावर माझ्या ट्रंकेवर बसले होते आणि मनातल्या मनात दादाला शिव्या घालत होते. शकुंतला म्हणतात ती अरुंद रुळांची छोटी आगगाडीही निघून गेली, फलाट रिकामा झाला, तरी ह्याचा पत्ता नाही. कुठे गप्पा छाटत बसला असेल मेला, असं मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, कारण ऐकायला कोणी नव्हतं. तो शब्द मी पुन्हा कधी कोणाला वापरलेला नाही.

दादा सापडला नाही. जिवंत नाही आणि तसाही नाही.

देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात आणि पुढचे दिवस घालतात. बाबांचे थोरले चुलतभाऊ, आमचे मोठे काका, ते सगळं सामान घेऊन आले. काका वाईट नव्हते. त्यांना खरोखरच वाटत होतं की दादा त्या नाल्यावर अडकून उभा आहे. "पोरगं तथीच उभं हाये. त्याले वाट द्या," असं ते बाबांचे हात धरून सांगत होते. बाबा हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. ओसरीत पळसाच्या पानांचा भारा पडला होता.

पुतळा जळाला की वहिनीचं काय होणार हे कोणी बोलत नव्हतं, कारण सगळ्यांना ते ठाऊक होतं. आजूबाजूच्या शेतकऱ्यांत विधवेचा पाट लावत. आमच्या घराण्याला मात्र मोठा तोरा, आमच्यात तसलं काही चालत नसे. कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या आणि मागच्या खोलीत जन्म काढायचा. तशी एक आत्या आमच्या घरात होऊन गेली होती. लहानपणी आम्ही भावंडं तिच्या खोलीवरून पळत जायचो, कारण आत बसून ती आपल्याच बोटांशी बोलायची.

आई मोठ्या दिरांसमोर कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी ती पदर डोक्यावर ओढून बाहेर आली, ओसरी उतरली आणि सरळ कोठ्याकडे गेली. गुरांच्या कोठ्याला लागून जीपचं छप्पर होतं. तिथे जाऊन तिनं मागच्या चाकावर अंगठा दाबला. सगळे तिच्या मागून गेले. आई काकांकडे न बघता चाकाशी बोलावं तशी बोलली.

"हे चाक त्यानं भरलं. त्याचा वारा हाये याच्यात. हा वारा जाईन तवा खुशाल पुतळा जाळा. तोवर माह्या सुनेच्या कपाळाले कोनी हात लावाचा नाई."

आमच्या गावात कौल म्हणजे कौल. देवाला फूल लावून पेरणी ठरवणारी माणसं. त्यांना आईचं बोलणं वेडाचं वाटलं नाही. काकांनीही पुढे होऊन चाकावर अंगठा दाबून पाहिला आणि भारा उचलून नेला. त्या दिवसापासून चाक जमिनीला टेकवायचं नाही, त्याच्या व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, असं ठरलं. म्हणजे आईनं ठरवलं आणि बाबांनी मान हलवली.

मग जे सुरू झालं ते मी कशाला सजवून सांगू, मला त्या घरात जायची भीती वाटायला लागली. आई रोज सकाळी आंघोळ करून ओलेत्यानं चाकाला अंगठा लावून येई. उन्हाळ्यात त्याच्यावर ओलं पोतं घाली. जेवताना बाबा एकदम घास थांबवून विचारत, "पाह्यलं का आज?" आई म्हणे, "हाये," आणि ते जेवायला लागत. काका महिन्या-दोन महिन्यांनी येत तेव्हा आधी कोठ्याकडे वळत, चाक दाबून बघत आणि मगच पाणी मागत. आणि नाल्यावर गाडी आली की काठाशी, दादानं जिथे उभी केली होती तिथेच, बाजूला घेऊन उभी करायची आणि हॉर्न वाजवायचा, हाही आईचाच नियम. का, ते तिनं सांगितलं नाही. हॉर्न वाजला की आम्ही सगळे गप्प बसत असू. बगळे उडत, कुठे बैल हंबरे, आणि मग बाबा, दादामागे बहुतेक तेच गाडी चालवत, गिअर टाकत. आपण कशाची वाट पाहिली हे कोणी कोणाला विचारत नसे.

भाऊबीजेला आईनं मला ताट हातात दिलं आणि कोठ्याकडे बोट दाखवलं. मी आकाशपाताळ एक केलं. भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते, मी चंद्राला ओवाळीन, म्हणाले. आईचा चेहरा असा झाला की मी ताट घेऊन निमूट गेले. चाकाला कुंकू लावलं, ओवाळलं. दिवा जरा जास्तच जवळ गेला आणि रबराचा जळका वास आला. तो वास किती तरी दिवस माझ्या पातळाला येत होता.

गमतीचं म्हणाल तर गंमतही होती. एकदा बडनेऱ्याच्या अलीकडे गाडीचं पुढचं चाक बसलं. बाबा आणि मी रस्त्याच्या कडेला उभे. जाणारे-येणारे थांबत, मागे टांगलेलं नवंकोरं चाक बघत आणि म्हणत, "स्टेपनी हाये ना, बाप्पा! लावा ना मंग." बाबा म्हणत, "ते लावाचं नाई." लोक एकमेकांकडे बघून पुढे जात. शेवटी कोणाची तरी बैलजोडी मागून आणली आणि पाच चाकांची जीप बैलांनी ओढत नेली. बाबांना दुसरं चाक आणायचं होतं, पण टायर तेव्हा सहज मिळत नसत, आणि मिळाला असता तरी ते टांगायचं कुठे?

चाक मात्र बसत नव्हतं. टणकच्या टणक. गावात त्याचा बोलबाला झाला, लेकुरवाळ्या बाया येऊन हात लावून जात. मला शास्त्र माहीत होतं. रबरी ट्यूबमधली हवा झिरपतेच, आज ना उद्या. मी वाट बघत होते. खरं सांगते, मला ते चाक बसायला हवं होतं. वहिनीच्या गळ्यात ते बांधलेलं लोढणं आहे असं मला वाटे. ना धड सवाष्ण, ना धड विधवा. सणाला नवं पातळ नेसायची, पण हसायची नाही. दादाचा विषय निघाला की "आहेत" म्हणायचं की "होते", हे न कळून वाक्य अर्धं सोडायची. मी अमरावतीच्या शिक्षिकांच्या ट्रेनिंगची माहिती काढली. चार इयत्ता ती माहेरी शिकली होती, पुढचं मी शिकवलं असतं. तर ही म्हणाली, "मले नाई जमाचं, बाई." मला राग फार लवकर येतो. पुढच्या वर्षी दिवाळीनंतरच्या सुट्टीत मी ठरवलं की हे भूत आता आपणच उतरवायचं. सगळे कापूस वेचायला रानात गेले होते. डोकं दुखतं असं सांगून मी मधूनच घरी परत आले. व्हॉल्व्हची टोपी काढायची, काडी दाबायची, बस्स.

घरात सामसूम होती. कोठ्याजवळ आले तर आतून आवाज आला. श्वासाचा. ओढून घेतलेला आणि जोरानं सोडलेला, पुन्हा ओढून घेतलेला. जीपच्या बाजूनं. इतकं शिकून काय उपयोग. मी त्या क्षणी "दादा" म्हणाले.

जीपच्या मागे वहिनी होती. पदर कमरेला खोचलेला, डोकं उघडं, एक पाय पंपाच्या पाटीवर रोवलेला, आणि दोन्ही हातांनी ती दांडा दाबत होती. मला बघून ती थांबली नाही.

"वयनी, हे काय करून राहिली तू?"

"दिसत नाई का?" दांडा खाली गेला, वर आला. "याची हवा गेली का मी बी गेली."

मग ती थांबली. घाम पुसला. मी काय करायला आले होते ते तिनं माझ्या तोंडावरून ओळखलं असावं, कारण ती चाकाच्या आणि माझ्या मधे येऊन उभी राहिली.

"तुमाले वाटते हे चाक मले बांधून हाये," ती म्हणाली. "बाई, त्या मागच्या खोलीत तुमाले नाई बसाचं. मले बसाचं हाये. हे टनक हाये म्हून मी सैपाकघरात हाये, सनाले हाये, बायाईत हाये. तुमचं ट्रेनिंग खरं, पन कुकू पुसून गेल्यावर कोन जाऊ देते मले तथी?"

तिनं पंपाची नळी काढली, टोपी लावली आणि चाकावर हात ठेवला. मग हळूच, आपल्याशीच बोलावं तशी म्हणाली, "पयल्यांदा भरली तवा लई रडली मी. वाटलं, त्याईची हवा हाये आत, तिच्यात आपली कशी मिसळावं? आता किती त्याईची आन किती माही, कोनाले सांगता येईन?"

मी घरात जाऊन खरोखरच डोकं धरून पडले. चाकाचं भूत मी उतरवणार होते; उलट ते आता जास्तच खरं झालं. तिच्या त्या वाक्यानंतर मला चाकाकडे बघवेना. आत दोघांचा श्वास एकमेकांत मिसळून कोंडलेला आहे, असंच मला दिसायचं. कोणाला सांगितलं मात्र नाही.

हिवाळा संपता संपता बाबांचं दुखणं उफाळलं. त्यांच्या जांघेत हर्नियाची जुनी गाठ होती. मूर्तिजापूरच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की ही गाठ कधी अडकली, आत जाईनाशी झाली, तर माझ्याकडे वेळ घालवू नका, तडक अमरावती गाठा. रविवार होता म्हणून मी घरी होते. सकाळी बाबा अंगणातच वाकले आणि त्यांना सरळ होता येईना. त्यांना मागे निजवलं, आईनं डोकं मांडीवर घेतलं, वहिनी पायांशी बसली आणि मी गाडी काढली. दादानं मला शिकवलं ते यासाठीच की काय, असं मनात येऊन मी ओठ चावला.

नाल्यात त्या दिवसांत घोट्याएवढंही पाणी नसतं. मी सरळ पार होऊन गेले असते. मागून आई म्हणाली, "हॉर्न."

"आई, बाबा बघ कसे करताहेत."

"हॉर्न वाजव पोरी."

मी चडफडत गाडी नेहमीच्या जागी, काठाच्या बाजूला घेतली. कुंपणासाठी कोणीतरी बाभळी तोडून नेमक्या तिथेच फांद्या टाकल्या होत्या. हॉर्न वाजवला. तो थांबल्यावर नेहमीची शांतता झाली नाही. मागच्या उजव्या चाकातून सुस्स करून हवा जात होती.

आम्ही उतरलो. चाक पार बसलं होतं. रस्त्यावर माणूस नाही, बैलगाडी नाही. सगळं गाव वेचणीला. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी मागे टांगलेल्या चाकाकडे पाहिलं आणि मग आईकडे. आईनं नजर दिली नाही.

"नको," बाबा म्हणाले. कण्हत, पण स्पष्ट. "मी जातो तर जातो. त्याले खाली उतरवू नका."

इथे चाक उतरलं तर आईचा कौल मोडणार, काकांचा पळसाचा भारा पुन्हा ओसरीत येणार, आणि वहिनी मागच्या खोलीत जाणार. नाही उतरलं तर बाबा याच नाल्यावर जाणार. कोणी बोलावं, आणि कोणत्या तोंडानं?

वहिनी उतरली. सीटखालचा पाना काढला आणि मागच्या चाकाचे नट सोडायला लागली. तिचा हात सराईत होता. आई बघत होती.

"थांब," आई म्हणाली.

तिनं बाबांचं डोकं अलगद खाली ठेवलं आणि खाली उतरून चाकाजवळ आली. रोजच्यासारखा अंगठा दाबला. बराच वेळ दाबून उभी राहिली.

"आत्याबाई," वहिनी सासूला म्हणाली, "हे खाली गेलं का मंग..."

"समजते मले. टनक हाये. लाव."

मी जॅक लावला, दगड रोवले. वहिनीनं चाक उचलून बसवलं. ते जड होतं, तिला धाप लागली. खाली बसून नट आवळताना घाम आला म्हणून तिनं दंडानं कपाळ पुसलं आणि कुंकू पसरलं. जॅक खाली सोडला. दादाचं चाक पहिल्यांदा मातीला टेकलं, त्याच काठावर. गाडीचा भार त्याच्यावर आला तसं ते किंचित दबलं आणि थांबलं. आई तिकडे बघत नव्हती. ती पदराच्या टोकानं वहिनीच्या कपाळावरचं फराटलेलं कुंकू पुसून नीट गोल करत होती.

अमरावतीपर्यंतचा तो रस्ता मला अजून स्वप्नात दिसतो. मागचं कुरकुरणं बंद होतं. पाठीमागे कोणी बसलेलं नव्हतं. पण उजव्या हाताला, माझ्या मागच्या कोपऱ्यात, खाली, कोणीतरी गाडीला खांदा देऊन धावतंय असं मला सारखं वाटत होतं. खड्डा आला की मी "सांभाळ" म्हणत होते. कोणाला म्हणत होते ते मला माहीत होतं, आणि त्याची मला लाज वाटत नव्हती.

बाबा वाचले. सरकारी दवाखान्यात त्याच दिवशी त्यांचं ऑपरेशन झालं. पुढचे काही दिवस आम्ही तिथेच होतो. फुटलेलं चाक मी दुरुस्तीला दिलं. ते तयार झाल्यावर मिस्त्रीनं विचारलं, हे लावू आणि ते पुन्हा मागे टांगू का? मी आईला विचारायला गेले. ती बाबांना पेज भरवत होती. "राहू दे जथी हाये तथी," ती म्हणाली. येताना नाल्यावर मी न सांगता हॉर्न वाजवला.

काका बाबांना बघायला आले, ते सवयीनं आधी कोठ्याकडेच गेले. आम्ही सगळ्या ओसरीत. वहिनी दारामागे उभी होती आणि तिच्या बांगड्या वाजत होत्या. मागे टांगलेला टायर जुना, झिजून गुळगुळीत झालेला. काकांनी त्याच्यावर बोटं फिरवली. मग वाकून जमिनीवरचं मागचं चाक पाहिलं, धुळीनं भरलेलं, पण खोल नक्षीचं.

"हे चाक ते नोहे," काका म्हणाले.

आई पदर पुढे ओढून उभी होती. "तेच हाये."

"याची नक्षी झिजली."

"उनापावसात टांगलं हाये. झिजन नाई त काय होईन?"

टांगलेलं चाक झिजतं हे विज्ञान मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. काका चाकाकडे बघत राहिले. दारामागून बांगड्यांचा आवाज येतच होता, तो त्यांनाही ऐकू येत असणार. त्यांनी अंगठा दाबला.

"टनक हाये," ते म्हणाले. मग फेट्याच्या शेवानं तोंड पुसत ओसरीवर आले आणि म्हणाले, "पानी आना वं कोनी." वहिनीच पाणी घेऊन गेली.

ते गेल्यावर आई दिवा लावायला उठली. वहिनी सांजेची भाकरी थापत होती. आई तिच्या मागे थांबली आणि काही सांगायचं राहून गेलं असावं तशी म्हणाली, "सुनबाई, दुपारी नको भरत जाऊ वं. सगळं सामसूम असते, आवाज लई दूर जाते. सकाळी मी ताक घुसळतो ना, तवा भरत जाय."

वहिनीचा हात पिठात तसाच राहिला. तव्यावरची भाकरी करपली, ती मीच उलटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती दोन आवाजांनी. स्वयंपाकघरात रवी घुमत होती, नेहमीपेक्षा जोरात, आणि तिच्या आड कोठ्याकडून तो श्वास येत होता. या वेळी मला भीती वाटली नाही. मी पडून ऐकत होते. आत एकीचा दम होता, बाहेर दुसरीचा, आणि त्यात दादाचा कुठेच नव्हता. आईला हे कधीपासून माहीत होतं देव जाणे. नाल्यावर हॉर्न वाजवायला सांगणारी आई आणि ही आई एकच कशी, हे मला आजही सांगता येत नाही. माझ्या मात्र तेव्हा लक्षात आलं की मी अजून दादासाठी रडलेच नव्हते. फलाटावरून मी सरळ या चाकाशी भांडायला आले होते. मी गोधडी तोंडावर ओढून घेतली. रवीचा आवाज पुष्कळ मोठा होता, कोणाला काही ऐकू गेलं नाही.